अंगावरचा जागल्या

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याच्या वाटेने निघाले, चौक्याचा घाट ओलांडला, की फुलंब्री लागते. तालुक्याचे गाव. आजूबाजूला कापूस, मका, आले यांची शेते. माणसे कष्टाची. अशा कष्टाच्या माणसाला रानात चक्कर आली तर तो काय करतो? घटकाभर झाडाखाली बसतो. तांब्याभर पाणी पितो. "ऊन लागलं असंल," म्हणतो, आणि पुन्हा कामाला लागतो.

पुष्कळदा ते खरेही असते. पण दर वेळी ऊनच लागलेले असेल कशावरून? आणि हीच चक्कर विहिरीच्या काठावर आली तर? पेटत्या चुलीपुढे आली तर? चालत्या ट्रॅक्टरवर आली तर? म्हणून चक्कर का येते, हे शोधून काढले पाहिजे. ते कसे शोधतात, ते या पाठात पाहू.

एका घरातली गोष्ट

समजा, फुलंब्रीजवळच्या एका खेड्यात एक घर आहे. घरात आजी आहेत. वय पासष्ट. मुलगा आहे, सून आहे, शाळेत जाणारा नातू आहे. आजी आणि सून दोघी रात्रीच्या साक्षरता वर्गाला जातात. आजींना आता नाव लिहिता येते, घड्याळ कळते, चार ओळी वाचता येतात.

दिवाळीपासून आजींना मधूनच चक्कर येऊ लागली. आठ-पंधरा दिवसांतून एकदा. डोळ्यांपुढे अंधारी येते, हातातले भांडे निसटते. दोन-चार क्षणांत सगळे पहिल्यासारखे. एकदा तर आजी गोठ्यातच पडल्या. कपाळाला खोक पडली.

शेजारीण म्हणाली, "बाहेरचं काही असंल. एकदा बघून घ्या."

सून म्हणाली, "आत्याबाई, आधी दवाखान्यात जाऊ. बाकीचं मागून बघू."

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळे नीट विचारले. आजींना निजवून रक्तदाब मोजला, मग उभे करून पुन्हा मोजला. रक्त तपासले. डोके एका बाजूला वळवून डोळे पाहिले. शेवटी हृदयाची पट्टी काढली. तिला ईसीजी म्हणतात. सगळे ठीक निघाले.

मुलगा म्हणाला, "म्हणजे आईला काही झालेलं नाही?"

डॉक्टर म्हणाले, "असं कसं म्हणता? आजी, तुमच्या गावात कधी चोरी झाली होती का?"

"झाली होती की. आमच्याच आळीत."

"फौजदार आले तेव्हा चोर सापडला?"

आजी हसल्या. "फौजदार यायची वाट बघत चोर थांबतो व्हय?"

"तसंच आहे हे," डॉक्टर म्हणाले. "दिवसाचे सेकंद होतात ८६,४००. या पट्टीत आम्ही त्यातले दहा सेकंद पाहिले. त्या दहा सेकंदांत चोर आला नाही, एवढंच कळलं. तो कधी येईल सांगता येत नाही. म्हणून आता जागल्या ठेवायचा. रात्रंदिवस जागणारा."

हा जागल्या म्हणजे अंगावर बाळगायचे एक लहानसे यंत्र. पण त्याची ओळख करून घेण्याआधी चक्कर कशाने येते ते पाहू.

चक्कर एक, कारणे अनेक

चक्कर हा काही एकच रोग नव्हे. ताप अनेक कारणांनी येतो, तशीच चक्करही अनेक कारणांनी येते.

एक कारण कानात असते. आपला कान नुसता ऐकत नाही, तो तोलही सांभाळतो. कानाच्या आत तीन बारीक वळणदार नळ्या आहेत. त्यांत पाणी असते. डोके हलले की ते पाणी हलते, आणि डोके कुठे वळले ते मेंदूला कळते. शेजारच्या पिशवीतले चुनखडीसारखे बारीक कण कधी कधी या नळ्यांत शिरतात. मग अंथरुणात कूस बदलली की घर गरगर फिरल्यासारखे वाटते. ही चक्कर मिनिटभरही टिकत नाही. डॉक्टर डोके ठराविक रीतीने वळवतात आणि ते कण जागेवर आणतात. तिला बहुधा कोणतेही यंत्र लागत नाही.

दुसरे कारण रक्तदाबाचे. बसलेला माणूस झटकन उठला, की रक्त पायांकडे उतरते. ते वर मेंदूकडे वेळेवर पोचले नाही, तर अंधारी येते. उन्हात घाम फार गेला, जुलाब झाले, निर्जळी उपास धरला, नाथषष्ठीला पायी पैठण गाठताना पाणी कमी प्याले, तर असे होते. रक्तदाबाची गोळी जास्त झाली तरीही होते.

तिसरे कारण रक्ताचे. अंगात रक्त कमी असेल, किंवा मधुमेहाचे औषध घेऊन वेळेवर जेवण झाले नसेल, तर चक्कर येते.

चौथे कारण हृदयाचे. हे थोडे नीट समजून घेऊ.

हृदय चुकते तेव्हा

हृदय हा पंप आहे. विहिरीवरची मोटर पाणी चढवते, तसे हृदय रक्त वर मेंदूपर्यंत चढवते. ते दिवसात सुमारे एक लाख वेळा ठोके देते. मोटरीला वीज लागते, हृदयालाही लागते. पण हृदयाची वीज बाहेरून येत नाही. हृदयातच एक लहानशी जागा आहे, तिथे ती तयार होते. विजेचा एक बारीक ठोसा बसला की एक ठोका पडतो.

कधी कधी ही वीज चुकते. ठोके फार भरभर पडतात, किंवा फार हळू पडतात, किंवा मध्येच काही क्षण पडतच नाहीत. मेंदूला रक्त मिळणे सहा ते आठ सेकंद थांबले, तर माणसाची शुद्ध जाते. त्याहून कमी वेळ थांबले, तर अंधारी येते.

पुन्हा वीज आली की मोटर चालू होते. तेव्हा कोणी पाहायला आले, तर त्याला काय दिसणार? मोटर तर चालूच आहे! आजींच्या बाबतीत डॉक्टरांना हीच शंका होती.

मणभर ओझ्यापासून काडेपेटीपर्यंत

हृदयाची वीज कागदावर उतरवता येते, हे हॉलंड देशातल्या आइंटहोवेन नावाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यासाठी त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे यंत्र खोलीभर मोठे होते. रोग्याला त्या यंत्रापाशी बसावे लागे. हात मिठाच्या पाण्यात बुडवावे लागत.

मग अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांच्या मनात आले, की माणूस काही दिवसभर खुर्चीत बसून राहत नाही. तो चालतो, जिने चढतो, काम करतो, झोपतो. मग यंत्रच माणसाबरोबर का जाऊ नये? १९४९ साली त्यांनी असे यंत्र पाठीवर घेऊन दाखवले. त्याचे वजन किती होते? सुमारे ३८ किलो. म्हणजे जवळजवळ एक मण! पुढे त्यांनी ते लहान करत आणले. १९६१ साली त्यांनी या रीतीची माहिती छापून जगापुढे मांडली. आजही या यंत्राला डॉक्टर 'होल्टर' म्हणतात. आता ते तळहातावर मावते. त्याहून लहान यंत्रे तर काडेपेटीएवढी असतात.

आपल्या महाराष्ट्रातही या दिशेने काम झाले आहे. मुंबईत तुर्भे येथे भाभा अणु संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी हातात मावेल असे ईसीजी यंत्र तयार केले. ते अंगावर बाळगायचे नव्हे, पण त्याची पट्टी मोबाईल फोनवरून दूरच्या डॉक्टरांना पाठवता येते.

जागल्या अंगावर चढतो

आता पुन्हा आजींकडे वळू. आजींना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेले. यंत्र लावायचे म्हटल्यावर आजी सुनेच्या कानात म्हणाल्या, "पोरी, छातीवर लावायचं म्हणे. मला नाही जमायचं."

नर्सबाईंनी ते ऐकले. त्या म्हणाल्या, "आजी, पडद्याआड मीच लावते. दुसरं कोणी नाही."

"आणि विजेचा झटका बसला मग?"

"नाही बसायचा. हे यंत्र अंगात वीज सोडत नाही. अंगात वीज आहे ती फक्त टिपून घेतं."

नर्सबाईंनी छातीवर चार-पाच चिकट टिकल्या लावल्या. त्यांच्या तारा एका डबीला जोडल्या. डबी कमरेच्या पिशवीत ठेवली, वरून पदर घेतला. बाहेरून काही दिसत नव्हते.

डबी एक दिवस आणि एक रात्र अंगावर राहिली. त्या वेळात आजींना चक्कर आलीच नाही. डबीतही काही सापडले नाही. शेजारीण म्हणाली, "बघा, मी सांगत नव्हते?"

पण डॉक्टर म्हणाले, "आजींना चक्कर पंधरा दिवसांतून एकदा येते. एक रात्र पहारा केला आणि चोर आला नाही, म्हणून पहारा उठवायचा का? आता जास्त दिवसांचा जागल्या देतो."

या वेळी तारा नव्हत्या. छातीवर एक चपटी पट्टी चिकटवली. ती चौदा दिवसांपर्यंत राहू शकते. पट्टीवर एक बटण होते. चक्कर आली की ते दाबायचे.

वही आणि पेन्सिल

निघताना डॉक्टरांनी सुनेच्या हाती एक वही दिली.

"यंत्राला हृदय काय करतं ते कळतं," ते म्हणाले. "पण आजींना चक्कर कधी आली, ते त्याला कळत नाही. ते तुम्हीच लिहायचं. किती वाजले, आजी काय करत होत्या, कसं वाटलं, किती वेळ वाटलं. एवढ्या चार गोष्टी. दोन्ही लिखाणं शेजारी ठेवली म्हणजे चोर सापडतो."

सून म्हणाली, "आत्याबाई, मी घरी नसले तर?"

आजी म्हणाल्या, "मी काय निरक्षर आहे? मी लिहीन."

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली. "आजी, यंत्र लावलंय म्हणून खाटेवर निजून राहू नका. रोज करता ती कामं करा. नाहीतर जागल्या निजलेल्या गावाचा पहारा करील, आणि चोर बाजाराच्या दिवशी येईल. मात्र विहिरीवर आणि चुलीपाशी एकट्या जाऊ नका."

आठ दिवस गेले. वही कोरीच होती. नवव्या दिवशी आजी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. घरात कोणी नव्हते. एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीचा आधार होता म्हणून पडल्या नाहीत. भानावर येताच त्यांनी बटण दाबले. भिंतीवरचे घड्याळ पाहिले. मग वही ओढली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले:

'दुपारी ४ वाजून १० मिनटं. बसून लसून सोलत होते. अंधारी आली. मोजून पाच इतका वेळ.'

पट्टी उतरवल्यावर डॉक्टरांनी यंत्रातले लिखाण उघडले. त्याच दिवशी, ४ वाजून १० मिनिटांनी, आजींचे हृदय पाच सेकंद थांबले होते. ठोक्यांची ओळ चालली होती, मध्येच सपाट झाली, आणि पुन्हा सुरू झाली.

डॉक्टरांनी यंत्राचे लिखाण आणि वहीचे पान शेजारी शेजारी ठेवले. "आजी, चोर सापडला," ते म्हणाले. "आणि निम्मा तुमच्या अक्षरांनी पकडला."

अशा दुखण्यावर उपाय आहे. गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत एक लहान यंत्र बसवतात. त्याला पेसमेकर म्हणतात. हृदय थांबू लागले की ते विजेचा बारीक ठोसा देते. माणसाच्या अंगात असे यंत्र पहिल्यांदा १९५८ साली स्वीडन देशात बसवले गेले. आज ही नेहमीची गोष्ट झाली आहे.

आता कोणी विचारील, की चक्कर आली त्या वेळी हृदय नीट चाललेले दिसले तर? तरीही पहारा फुकट गेला नाही. जागल्याने सांगितले, "चोर या वाटेने आला नाही." मग डॉक्टर कान, रक्तदाब, साखर या दुसऱ्या वाटा शोधतात.

दुसरे जागले

प्रत्येक वाटेचा जागल्या निराळा.

रक्तदाबासाठी दंडाला पट्टा बांधतात. तो एक दिवस आणि एक रात्र राहतो. दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने तो आपोआप फुगतो आणि रक्तदाब लिहून ठेवतो. रात्री तो जरा कमी वेळा फुगतो. पट्टा फुगला की हात स्थिर ठेवायचा. गोळी घेतल्यावर कोणाचा रक्तदाब फार उतरतो, ते यावरून कळते.

साखरेसाठी दंडावर रुपयाएवढी चकती लावतात. ती काही दिवस कातडीखालची साखर सारखी मोजत राहते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याची साखर पहाटे झोपेत उतरते का, ते यावरून दिसते.

आणि कानासाठी? फुगडी आठवा. जोरात फुगडी घालून थांबले, की डोळे आपोआप एका बाजूला सरकतात आणि झटक्याने मागे येतात. कानातली चक्कर आली तरी डोळे असेच हलतात. पण डॉक्टरांकडे पोचेपर्यंत ते थांबलेले असतात. म्हणून इंग्लंडातल्या नॉर्विच शहरी डॉक्टरांनी आणि तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी एक यंत्र तयार केले. त्याच्या चिकट्या डोळ्यांच्या बाजूला लावायच्या. डोळ्यांतही अगदी बारीक वीज असते. डोळा हलला की यंत्राला ते कळते. हे यंत्र महिनाभर डोळ्यांची हालचाल टिपू शकते. ते संशोधनासाठी केलेले यंत्र आहे.

कधी चक्कर वर्षातून एक-दोनदाच येते, पण माणूस बेशुद्ध पडतो. अशा वेळी छातीच्या कातडीखाली एक बारीक यंत्र ठेवतात. ते दोन-तीन वर्षे जागते.

आणि बाजारातले घड्याळ?

आता मनगटी घड्याळेही नाडी मोजतात. काही चांगली घड्याळे हृदयाची एक पट्टीही काढतात. चक्कर आली तेव्हा घड्याळाने काही टिपले असेल, तर ते डॉक्टरांना जरूर दाखवावे. पण घड्याळ 'ठीक आहे' म्हणाले म्हणून घरी बसू नये. स्वस्त घड्याळाच्या आकड्यांवर तर विसंबूच नये. जागल्या ओरडतो, निवाडा डॉक्टर करतात.

कोणाकडे जावे?

चक्कर पुन्हा पुन्हा येत असेल, तर प्रथम आपल्या आशाताईंना सांगावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा फुलंब्रीच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. मोठ्या तपासणीसाठी डॉक्टर संभाजीनगरला पाठवतात. तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला आपण घाटी म्हणतो. घेत असाल त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. खर्चाची काळजी असेल, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला विचारावे. शिधापत्रिका आणि आधारकार्ड बरोबर ठेवावे.

पण काही वेळा जागल्याची वाट पाहू नये. चक्करेबरोबर छातीत दुखले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, किंवा माणूस बेशुद्ध पडला, तर लगेच १०८ नंबरला फोन करावा. गाडी येईपर्यंत माणसाला सपाट निजवावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये, आणि कुशीवर वळवावे. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. श्वास चालू आहे ना, ते पाहावे. श्वास थांबला असेल तर फोनवर सांगतील तसे छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरजोराने दाबत राहावे.

ध्यानात ठेवा

चक्कर लपवू नका. ती कधी आली, काय करताना आली, कशी आली, किती वेळ राहिली, हे लिहून ठेवा.

एकदा तपासून काही सापडले नाही, म्हणजे दुखणे नाही असे समजू नका. डॉक्टरांना विचारा, "जास्त दिवस पाहता येईल का?"

यंत्र लावले तर ते मधेच काढू नका. भिजवू नका. आपली कामे चालू ठेवा, पण जपून.

रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आपण अक्षरे शिकलो, ती सही करण्यापुरती नाहीत. आजींनी वहीत चार ओळी लिहिल्या. शब्द थोडे चुकले, पण वेळ बरोबर होती. आज आजी पुन्हा गोठ्यात जातात. ती वही त्यांनी देव्हाऱ्यापाशी जपून ठेवली आहे.